नाशिकच्या गंगापूर रोडचा चाकू डिफेन्सचा क्लास, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

सहा महिने पूर्ण झाले या क्लासला म्हणून आता लिहायला बसलेय. मोठं होणार आहे पण ज्यांना खरंच शिकायचंय किंवा घरातल्या मुलीला पाठवायचंय त्यांनी पूर्ण वाचा. क्लासचं नाव टाकत नाहीये कारण सरांनीच सांगितलंय की ताई नाव नको, २० च्या वर बॅच घ्यायची नाही त्यांना आणि आत्ताच १७-१८ जण आहोत. गंगापूर रोडला जेहान सर्कलच्या अलीकडे आतल्या गल्लीत, पहिला मजला, खाली पिठाची गिरणी आहे. तिकडे राहणाऱ्यांना एवढ्यावर कळेल.

मी का गेले ते आधी सांगते, नाहीतर बाकीचं समजणार नाही.

माझं पाथर्डी फाट्याकडे मेडिकल आहे, मी स्वतः फार्मासिस्ट. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, त्यांची सेकंड शिफ्ट असली की रात्री दुकान बंद करायला मी एकटीच असते. गेल्या वर्षी जुलैमध्ये, पाऊस चालूच होता, पावणेअकरा वगैरे झाले असतील, एक पोरगा आला, वीस-बावीसचा, आणि कुत्ता गोळी मागायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अल्प्राझोलमला नशेवाले असं म्हणतात, आपल्याकडे मालेगावच्या बाजूला हा शब्द जास्त ऐकू येतो, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही आणि मी देत पण नाही. नाही म्हटलं तर त्याने शर्टाच्या मागून चॉपर काढला आणि टोक माझ्याकडे करून काउंटरच्या काचेवर टेकवला. तो काचेवरचा बारीक आवाज मला अजून रात्री शटर ओढताना आठवतो.

आता महत्त्वाचं हे की त्याच्या तीन महिने आधी मी एका दुसऱ्या ठिकाणी आठ आठवड्यांचा सेल्फ डिफेन्सचा कोर्स केला होता, त्यात चाकूसमोरचे बचाव होते, शेवटी सर्टिफिकेटही मिळालं होतं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात खरंच आलं की मनगट धरायचं, बाहेरच्या बाजूला पिळायचं, चाकू पडतो. हात हललाच नाही माझा. थिजल्यासारखी उभी राहिले. त्याने गल्ल्यातले तीन-साडेतीन हजार घेतले आणि बाहेर गाडी चालूच होती त्यावर बसून गेला. तक्रार दिली, पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, तो भाग वेगळा. पण नंतर कितीतरी दिवस मला वाटायचं की मीच घाबरट, शिकूनही काही केलं नाही. हे ओझं मी चार-पाच महिने वागवलं आणि ते या क्लासच्या पहिल्याच दिवशी उतरलं, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय.

त्या जुन्या क्लासचं नाव घेत नाही, पण तिथे काय व्हायचं ते सांगते कारण असे क्लास अनेक आहेत. समोरचा पार्टनर एक पाऊल पुढे येऊन चाकूचा हात सरळ करतो आणि हात तिथेच सोडून देतो. मग आपण बाजूला सरकायचं, त्याचं मनगट धरायचं, पिळायचं, तो खाली बसतो, चाकू पडतो, सगळे टाळ्या वाजवतात. पन्नास वेळा केलं तरी पन्नास वेळा जमतं. जमणारच ना, तो हात मागे घेतच नाही. आणि आठ आठवड्यांत एकदाही कुणी आम्हाला हे म्हणालं नाही की खरा माणूस हात तिथे ठेवत नाही. मला राग याचाच आहे. आठ आठवडे शिकवून त्यांनी माझ्या मनात असा विश्वास भरला की ज्याच्या जोरावर मी त्या रात्री हात पुढे केला असता तर आज हे लिहायला नसते कदाचित.

तर या क्लासची ट्रायल. सांगितलं होतं की पांढरा जुना टीशर्ट घालून या. मला वाटलं काहीतरी युनिफॉर्मचं असेल. सरांनी रबरी चाकूच्या धारेवर फळ्याचा लाल खडू पाण्यात ओला करून घासला आणि माझ्यासमोर एक कॉलेजची मुलगी उभी केली, माझ्यापेक्षा वजनाने दहा-बारा किलो तरी कमी, आणि म्हणाले ताई ३० सेकंद, तुम्हाला जे येतं ते सगळं करा. शिट्टी वाजली. मी सांगते, मला काही दिसलंच नाही. ती एका हाताने माझा हात ढकलत होती आणि दुसऱ्या हाताने नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर. थांबल्यावर सरांनी मला आरशासमोर नेलं आणि आम्ही मोजलं. ११ रेघा. दोन मानेवर, चार पोटावर, एक डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, बाकी हातांवर. त्यातल्या सहा-सात तर मला लागल्याचं कळलंच नव्हतं. सर म्हणाले खऱ्यातही असंच होतं, भोसकलं गेलेल्या माणसाला अनेकदा वाटतं की नुसता बुक्का बसला, रक्त दिसल्यावर कळतं.

मग म्हणाले, आता तुम्हाला तो शिकवलेला डाव दाखवा. मी त्या मुलीचं मनगट धरायला गेले आणि तिने फक्त हात मागे खेचला. बस एवढंच. माझ्या तळहातावर आडवी लाल रेघ, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत. मी ती रेघ बघत उभी राहिले आणि मला तिथेच रडू आलं, कारण समजलं की जुलैत माझा हात हलला नाही ते बरं झालं. सरांना मी गोष्ट सांगितली तर ते म्हणाले ताई, तुमचं शरीर त्या क्लासपेक्षा शहाणं होतं, पैसे दिले आणि घरी आलात, यापेक्षा चांगला बचाव मला पण येत नाही. मिस्टर पण माझ्याबरोबर आले होते, ते एकदम गप्पच झाले.

सर मूळचे ज्युदोचे, नंतर काली शिकले. काली म्हणजे फिलिपिन्सची काठी-चाकूची विद्या, अर्निस आणि एस्क्रिमा ही पण तिचीच नावं आहेत, तिकडे २००९ साली अर्निसला कायद्याने राष्ट्रीय खेळ केलंय. त्यात आधी तुम्हाला चाकू चालवणारा कसा विचार करतो ते शिकवतात, वाराच्या दिशांना नंबर असतात, एक नंबर वरून तिरका, दोन नंबर उलट्या बाजूने, असं करत भोसकण्यापर्यंत. मला आधी हे विचित्र वाटलं की मी बचाव शिकायला आले आणि माझ्याच हातात चाकू का देताय. पण दोन आठवड्यांत कळलं, स्वतः वार करून बघितल्याशिवाय तो हात किती पटकन परत येतो हे डोळ्याला कळतच नाही. क्राव्ह मागा या स्वसंरक्षणाच्या पद्धतीतलं पण थोडं घेतात, ते इमी लिख्तेनफेल्ड यांनी १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात रस्त्यावरच्या मारामारीतून उभं केलं आणि पुढे इस्रायलच्या सैन्यात गेलं. पण सर कुठल्याच एका पद्धतीचे भक्त नाहीत, खडू लागला की डाव बाद, मग तो कुठल्याही देशाचा असो.

पहिले तीन आठवडे तर हात लावायचं शिकवतच नाहीत. फक्त अंतर. त्यासाठी एक प्रयोग करून घेतात तो मला फार पटला. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस होते डेनिस ट्युलर, त्यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवलंय की चाकूवाला माणूस २१ फुटांवरून साधारण दीड सेकंदात तुमच्यापर्यंत पोचतो, म्हणजे कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला ट्रेनिंग घेतलेल्या पोलिसाला लागतो तेवढाच वेळ. आमच्या हॉलमध्ये सरांनी २१ फुटांवर चिकटपट्टी लावलीय. एकाने तिथून पळत यायचं आणि दुसऱ्याने खिशातून मोबाईल काढून ११२ लावायचा. सहा महिन्यांत एकालाही तीन आकडे दाबून होत नाहीत. मी घरी माझ्या मुलीबरोबर पार्किंगमध्ये करून बघितलं, तिचा तर फोन खिशातून निघायच्या आत मी पोचले होते आणि मी काही पळणारी बाई नाही, ३९ वर्षांची आहे. म्हणून मग पळायची वाट आधी बघून ठेवायची, मध्ये काहीतरी वस्तू आणायची, हातातलं तोंडावर फेकायचं, पर्स, हेल्मेट, गरम चहा, जे असेल ते, आणि ओरडत बाहेर. हे सगळं रोज घामाघूम होईपर्यंत करून घेतात.

हात लावायची वेळ आलीच, म्हणजे कोपऱ्यात सापडलो, पोर बरोबर आहे, पळता येत नाही, तेव्हाचं नंतर शिकवतात. त्याला आम्ही क्लासमध्ये शिलाई मशीन म्हणतो, कारण खरा हल्ला तसाच असतो, सुईसारखा एकाच जागी भराभर, आणि दुसऱ्या हाताने तो तुमची कॉलर धरून ठेवतो. तिथे मनगट धरायला जायचंच नाही, ते घामाने किंवा रक्ताने निसटतं. दोन्ही हातांनी त्याचा एकच हात, कोपराच्या जवळ, आपल्या छातीशी आवळून घ्यायचा आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकायचं, डोकं त्याच्या खांद्यात खुपसायचं, मग गुडघा, डोकं, जे जमेल ते, त्याला भिंतीवर नेऊन आपटायचं, आणि सुटायला मिळालं की पळायचं. चाकू काढून घ्यायच्या मागे लागायचं नाही. पुढे करायचेच असले हात तर बाहेरची बाजू पुढे, आतली बाजू स्वतःकडे, कारण रक्तवाहिन्या आणि बोटं हलवणारे टेंडन (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) आत असतात, ते एकदा कापले गेले की मूठच वळत नाही. सहा महिन्यांनी माझं काय होतं माहितीये का, ३० सेकंदांत ४-५ रेघा. ११ वरून ४-५. शून्य अजून कुणाचाच झालेला नाही, सरांचा पण नाही, ते स्वतः आमच्यासमोर करतात आणि स्वतःच्या टीशर्टवरच्या रेघा मोजून दाखवतात. हे करणारा शिक्षक मी तरी पहिल्यांदा पाहिला.

एकदा आमच्यातल्या एकाने, कोल्हापूरचा आहे, लहानपणी मर्दानी खेळ खेळलेला, दांडपट्टा बिचवा सगळं, त्याने विचारलं की मग शिकायचंच कशाला. सर म्हणाले, १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराज भेटीला गेले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होतं की नव्हतं, डोक्याला जिरेटोप होता की नव्हता. खानाने काखेत दाबून कट्यार चालवली ती चिलखतावर खरखरली. वाघनखं सगळ्यांना आठवतात, चिलखत कुणी आठवत नाही. हॉलमध्ये एकदम शांतता झाली होती, मला अजून अंगावर काटा येतो ते आठवलं की.

दुकानाचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या महिन्यात सरांनी मला विचारून विचारून जमिनीवर खडूने माझ्या दुकानाचा नकाशा काढला, काउंटर, फ्रिज, मागचं गोडाऊनचं दार, स्टूल, सगळं खऱ्या मापात. आणि बाकीच्यांना गिऱ्हाईक बनवून रोज एक जण पाठवायचे. तेव्हा लक्षात आलं की माझं मागचं दार आत उघडतं आणि त्याच्यासमोर सलाईनचे बॉक्स रचलेले असतात, म्हणजे मी मागे गेले असते तरी अडकलेच असते. आता बॉक्स हलवलेत, दाराला आतून मजबूत कडी लावलीय, फिरतं स्टूल काढून चार पायांचं लोखंडी ठेवलंय कारण ते पाय पुढे करून धरलं की माणूस एक हात लांब राहतो, आणि दहानंतर शटर अर्धं खाली घेऊन खिडकीतून औषध देते. गल्ल्यात रात्री हजाराच्या वर ठेवत नाही. या एका गोष्टीसाठी मी सगळी फी वसूल समजते.

फर्स्ट एडचे दोन पूर्ण रविवार असतात. यात मला स्वतःला कळतं म्हणून लक्ष देऊन बघितलं आणि बरोबर शिकवतात. घुसलेला चाकू ओढून काढायचा नाही, तो आहे तसा ठेवून आजूबाजूने कपडा लावून स्थिर करायचा. हातापायाची जखम खोल असेल तर स्वच्छ कापड आत कोंबून दोन्ही हातांनी जोर लावून दाबायचं आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. तरीही रक्त उसळत असेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर टुर्निके (रक्त थांबवायला घट्ट आवळायचा पट्टा), सांध्यावर नाही, आणि वेळ लिहून ठेवायची. हळद, कॉफी पावडर असलं काही भरायचं नाही, हे मी आमच्या काउंटरवर पण लोकांना सांगून थकते. १०८ ला फोन कुणी करायचा ते बोट दाखवून एकालाच सांगायचं, नाहीतर सगळे बघत राहतात. प्रत्येकाने एकमेकांच्या मांडीला टुर्निके आवळून बघितला, दुखतो, चांगलाच दुखतो, आणि तो तसा आवळला तरच काम करतो.

कायद्याचा पण एक तास झाला, बॅचमधलेच एक वकील आहेत त्यांनी घेतला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, त्यात कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, म्हणजे तो पळायला लागला, चाकू खाली पडला, आणि तुम्ही मागे जाऊन मारताय तर तुम्हीच अडकता. कॉलेजच्या पोरांनी हे जरूर ऐकावं. काही पोरं स्वतः खिशात चाकू ठेवायचं म्हणत होती, सरांनी सरळ सांगितलं की ज्याच्या खिशात सापडेल त्याने दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.

आता जे आवडलं नाही ते. सगळ्यात मोठी तक्रार, कोयता. आपल्याकडे बातम्या वाचल्या तर हातात कोयता नाहीतर चॉपर असतो, छोटी सुरी कमी वेळा. आणि क्लासमध्ये ९० टक्के सराव छोट्या रबरी चाकूवर. कोयत्यावर सहा महिन्यांत फक्त दोन सेशन झाली, पाइपला फोम गुंडाळून. त्यात जे सांगितलं ते पटलं, की एकतर त्याच्या टप्प्याच्या पूर्ण बाहेर, नाहीतर एकदम चिकटून आत, मधल्या अंतरावर उभं राहायचं नाही कारण कोयत्याचा सगळा जोर टोकाकडे येतो. पण दोन सेशनमध्ये अंगवळणी पडत नाही हो. मी सरांना तीन वेळा बोलले, पुढच्या बॅचपासून वाढवतो म्हणालेत, झालं की इथेच लिहीन.

दुसरं म्हणजे काली मधला एक हातांचा ड्रिल असतो, हुबुड म्हणतात, त्याच्यावर फार वेळ जातो, अर्धा अर्धा तास. दिसायला छान, हाताला सवय लागते हे मान्य, पण खडूवाला राउंड त्यामुळे दोनच होतात, मला चार हवेत. तिसरं, चेंजिंग रूम नाही, बाथरूमची किल्ली खाली गिरणीवाल्या काकांकडून आणावी लागते, संध्याकाळी साडेसातच्या बॅचला ते बंद करून गेलेले असतात मग बायकांची पंचाईत होते. मॅट चांगल्या आहेत, रोज पुसतात. पार्किंग गल्लीतच, फोरव्हीलर आणू नका. पावसाळ्यात जिना ओला असतो, सांभाळून.

इजा होतात का, हो थोड्या. माझी उजवी करंगळी एकदा मुरगळली, दोन आठवडे पट्टी होती. एका मुलाच्या डोळ्याजवळ रबरी चाकू लागला त्यानंतर गॉगल सक्तीचे केले, ते आधीच करायला हवे होते असं मी तेव्हाही बोलले आणि आत्ताही लिहितेय. गॉगल आपले आणायचे, साधे वर्कशॉपचे चालतात. रबरी चाकू ते देतात, अॅल्युमिनियमचा बोथट चाकू मात्र सहा महिन्यांच्या आत हातात देत नाहीत.

बायकांना कम्फर्टेबल आहे का हे मला दुकानात पण दोघी-तिघींनी विचारलं. आम्ही सात जणी आहोत. पार्टनर आपण निवडायचा, पुरुषाबरोबर करायचं नसेल तर कारण विचारत नाहीत. पण मी स्वतःहून सांगेन की दोन-तीन महिन्यांनी पुरुष पार्टनर घ्या, कारण वजन आणि ताकद अंगावर आल्याशिवाय कळत नाही. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ती पण येते आता. तिला सरांनी पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट शिकवली, की मोबाईल, चेन, गाडीची किल्ली जे मागेल ते एका बाजूला लांब फेकायचं आणि उलट्या दिशेला पळायचं. तिने घरी येऊन माझी किल्ली हॉलमध्ये अशी फेकली की सोफ्याखालून काढायला अर्धा तास गेला, पण तिला आता ते झोपेत पण येतं.

फी महिन्याला २२००, आठवड्यातून तीन दिवस, प्लस दोन रविवार फर्स्ट एडचे त्याचे वेगळे घेत नाहीत. बेल्ट, परीक्षा, सर्टिफिकेट काही नाही, ज्यांना तेच हवंय त्यांनी येऊ नका. बॅच सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसात, मी सकाळची करते म्हणजे दहाला दुकान उघडता येतं. दुसरीकडे कुठेही शिकायला जाणार असाल तरी चालेल, नाशिक रोड, सिडको, पंचवटी जिथे जवळ पडेल तिथे जा, फक्त पैसे भरायच्या आधी तिथल्या सरांना म्हणा की तुमच्या पोराला सांगा वार करून हात मागे खेच, आणि मग डाव दाखवा. ते नको म्हणाले किंवा चिडले तर चप्पल घालून खाली या.

इथली ट्रायल शनिवारी सकाळी ७ ला असते, एक दिवस फ्री. पांढरा टीशर्ट न्या, जुना, आणि खडू धुतला की जातो, काळजी करू नका.